आधी इंधन, मग स्टोव्ह: लांबच्या भटकंतीत काय जाळायचं?

लांबच्या भटकंतीची खरेदी बहुतेक वेळा उलट्या क्रमाने होते. स्टोव्ह हलका आहे, घडी होऊन मुठीत मावतो, म्हणून तो आधी घेतला जातो. त्यात जाळायचं काय, हा प्रश्न थेट मनालीच्या बाजारात पडतो आणि तिथे मिळणारा गॅसचा कॅन नेमका त्या स्टोव्हच्या आट्यांना बसत नाही. दोन दिवसांच्या राजगड-तोरण्याला अशी चूक खपून जाते, कारण खालच्या वाडीत पिठलं-भाकरी मिळते. मनाली-लेह सायकलवर करताना किंवा स्पितीच्या फेरीत ती खपत नाही. तिथे पहिला प्रश्न एकच: पुढचे दोन-तीन आठवडे माझ्या वाटेवर हमखास कोणतं इंधन मिळेल? त्याचं उत्तर सापडलं की कोणता स्टोव्ह घ्यायचा हे वेगळं ठरवावं लागत नाही.

इथले आकडे दोन माणसांचे आहेत. पुण्या-मुंबईहून निघून हिमालयात जाणारी आणि बहुतेक दिवस स्वतः रांधून खाणारी माणसं डोळ्यांसमोर ठेवली आहेत.

घरून इंधन न्यायचं नाही

गॅसचा कॅन, पेट्रोल, रॉकेल, स्पिरिट यांपैकी काहीही रेल्वेच्या डब्यात नेता येत नाही. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १६४ नुसार ज्वलनशील माल सोबत नेल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडाचा आकडा किरकोळ वाटला, तरी कैदेचा तसा नाही. एसटीतही हा माल चालत नाही. विमानात तर कॅन हातातल्या सामानातही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही.

रिकामा स्टोव्ह विमानात नेता येतो, पण तो खरोखर रिकामा हवा आणि एअरलाइनला आधी विचारलेलं बरं. पेट्रोलची बाटली नुसती ओतून टाकली म्हणजे रिकामी होत नाही. वास राहतो आणि वास आला की ती तपासणीत बाजूला निघते. भांड्यांच्या साबणाने दोन-तीनदा धुवा, पंप काढून वेगळा ठेवा, दोन्ही वस्तू दोन दिवस उन्हात उघड्या ठेवा. नवी कोरी बाटली असेल तर प्रवासाआधी तिच्यात इंधन घालूच नका. स्टोव्हची चाचणी जुन्या बाटलीवर किंवा मित्राच्या बाटलीवर करा. चाचणी मात्र घरीच व्हायला हवी, ती मनाली-लेह वाटेवरच्या सरचूच्या वाऱ्यात करायची गोष्ट नाही.

थोडक्यात, इंधन भटकंती सुरू होण्याआधीच्या शेवटच्या मोठ्या गावात विकत घ्यायचं असतं. स्वतःच्या गाडीने घरून निघणारे सोडले तर हा नियम सगळ्यांना लागू आहे.

वाटेवर खरंच काय मिळतं

पेट्रोल सगळ्यांत भरवशाचं. रस्ता आहे तिथे आज ना उद्या पंप येतोच. प्रश्न असतो तो दोन पंपांमधल्या अंतराचा. मनालीहून लेहकडे जाताना लाहौलमध्ये टांडीचा पंप लागतो. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर आहे असं सांगणारी तिथली पाटी दुचाकीवाल्यांच्या फोटोंमुळे ठाऊक झाली आहे. मधे कुठे नवा पंप झाला असेल तर उत्तमच, पण इंधनाचा हिशोब त्या पाटीवर विश्वास ठेवून करा. पलीकडे लेहच्या अलीकडचा पंप कारूला आहे. स्पितीत काझाला ३,७४० मीटरवर पंप आहे.

आट्यांचे गॅस कॅन लेह, मनाली, काठमांडूचं थामेल अशा ठिकाणी गिर्यारोहणाचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतात. तिथून पुढे गेलात की विषय संपला. केलाँग किंवा पांगच्या ढाब्यावर कॅन मिळेल असं धरून चालू नका. म्हणजे पूर्ण प्रवासाचे कॅन पहिल्याच दिवशी घ्यायचे आणि वाहायचे.

रॉकेलचं चित्र गेल्या दहा-बारा वर्षांत पार बदललं. पूर्वी हिमालयात जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या गटाच्या खेचरावर रॉकेलचा जरीकॅन असायचा. पुढे घरोघरी गॅस पोचला आणि रेशनचं रॉकेल आटत गेलं. दिल्ली तर २०१४ मध्येच रॉकेलमुक्त जाहीर झाली. रेशनचं रॉकेल निळ्या रंगाचं असतं आणि ते कार्डधारकाच्या वाट्याचं असतं, त्यावर आपण हात मारायचा नाही. खुल्या बाजारात पांढरं रॉकेल कधी मिळतं, कधी नाही. उत्तरेत विचारताना ‘मिट्टी का तेल’ म्हणायचं, नेपाळात ‘मट्टीतेल’. ‘घासलेट’ म्हटलं तर कुणी ओळखणार नाही.

यावरून आमचा कौल असा. सायकल किंवा मोटरसायकलवर दोन आठवड्यांच्या वर जायचं असेल तर पेट्रोलवर चालणारा, जमल्यास रॉकेलही घेणारा बहुइंधनी स्टोव्ह घ्या. पाठीवर सॅक घेऊन आठ-दहा दिवस चालायचं असेल तर गॅस. जीप आणि सहा-आठ माणसं असतील तर पाच किलोची गॅस टाकी. बाकीची इंधनं अडीअडचणीची.

गॅस: सोपा, पण थंडीत रुसणारा

कॅनचे तीन प्रकार बाजारात दिसतात आणि ते एकमेकांच्या स्टोव्हला बसत नाहीत. पहिला बसका, घुमटासारखा, वर आटे असलेला. त्यात साधारण ११०, २३० किंवा ४५० ग्रॅम गॅस असतो. दुसरा डासांच्या स्प्रेसारखा उंच डबा, आत २२० ते २५० ग्रॅम, तोंडाशी एक खाच. घरात टेबलावर ठेवायच्या चौकोनी शेगडीत हाच आडवा बसतो. तिसरा भोसकून लावायचा. एकदा लावला की संपेपर्यंत काढता येत नाही, म्हणून लांबच्या प्रवासाला तो बाद.

उंच डबा आट्यांच्या कॅनपेक्षा बराच स्वस्त पडतो आणि अ‍ॅडॉप्टर लावून आट्यांच्या स्टोव्हला जोडता येतो. पण तो आडवा ठेवावा लागतो आणि ठेवताना तोंडाजवळची खाच वरच्या बाजूला यायला हवी. आतली नळी त्या खाचेच्या दिशेने वळलेली असते. खाच खाली गेली तर वाफेऐवजी पातळ गॅस बाहेर येतो आणि फूटभर भडका उडतो.

थंडीत गॅस का दगा देतो हे समजून घेतलं तर निम्म्या अडचणी आधीच टळतात. कॅनमध्ये गॅस द्रवरूपात असतो. तो उकळून त्याची वाफ झाली तरच बर्नरपर्यंत काही पोचतं. साधा ब्यूटेन उणे ०.५ अंशाला उकळतो, आयसोब्यूटेन उणे १२ च्या आसपास, प्रोपेन उणे ४२ ला. म्हणजे नुसत्या ब्यूटेनचा कॅन शून्याखाली मेल्यासारखा पडून राहतो. उंचीवर थोडी सवलत मिळते, कारण हवेचा दाब कमी होतो आणि उत्कलनबिंदू खाली येतो. ४,५०० मीटरवर ब्यूटेन साधारण उणे १४ ला उकळतो. हे वाचून खूश होऊ नका, कारण कॅन जळता जळता स्वतःला गार करतो. द्रवाची वाफ होताना ती कॅनमधलीच उष्णता ओढून घेते. मोठ्या आचेवर मिनिटाला तीन ग्रॅम गॅस जात असेल आणि बाहेरून ऊब मिळत नसेल, तर अर्धवट भरलेला कॅन मिनिटाला दोन-तीन अंशांनी गार होतो. पहाटे उणे पाच अंशांत चहा ठेवला की पाच मिनिटांत आच बारीक होते ती यामुळेच. गॅस संपलेला नसतो.

म्हणून कॅन घेताना ब्रँड नंतर पाहा, आधी बारीक अक्षरांतली मिश्रणाची ओळ वाचा. आयसोब्यूटेन-प्रोपेन असेल तर उत्तम. नुसतं ‘ब्यूटेन’ लिहिलं असेल तर तो कॅन कोकणातल्या किनाऱ्यावर न्यायचा, लडाखला नाही. मिश्रणाचीही एक खोड आहे: प्रोपेन आधी उडून जातो, त्यामुळे कॅनचा शेवटचा चतुर्थांश थंडीत मंद जळतो. अर्धे संपलेले कॅन दुपारच्या उन्हात वापरा आणि पहाटेसाठी भरलेला राखून ठेवा.

रात्री कॅन स्लीपिंग बॅगेत पायाशी घेऊन झोपा. स्वयंपाक करताना तो ताटलीत कोमट पाण्यात, बोटभर बुडेल एवढाच ठेवा. पाणी बोटाला सहज सोसवेल इतकंच गरम असावं. ज्योतीने कॅन शेकणं, गरम दगडावर ठेवणं हे प्रकार करू नका. कॅनवर थेट बसणाऱ्या स्टोव्हभोवती वारा अडवायचा पत्रा गोल गुंडाळायचा नाही, उष्णता आत कोंडून कॅन तापतो. हाताला कॅन गरम लागला तर पत्रा लगेच काढा. स्टोव्ह वेगळा आणि कॅन नळीच्या टोकाला, अशी रचना असेल तर पत्रा चालतो. त्या नळीचा एक वेटोळा ज्योतीतून जात असेल तर कॅन उलटा करून द्रव गॅसही जाळता येतो. कडक थंडीसाठी गॅसमध्ये हीच रचना सर्वांत कामाची. स्टोव्ह पेटवून मिनिटभर नळी तापू द्या, मगच कॅन उलटा करा.

कॅन घेताना त्याचं वजन करून पाहा. २३० ग्रॅमच्या भरलेल्या कॅनचं एकूण वजन ३८० ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे पत्र्याचे सुमारे १५०. पर्यटकांच्या बाजारात रिकामे कॅन पुन्हा भरून विकले जातात. आट्यांवर ओरखडे, व्हॉल्व्हभोवती गंज, झाकण ढिलं, वजन कमी किंवा संशयास्पद जास्त, यांतलं काहीही दिसलं तर परत द्या. जास्त भरलेला कॅन कमी भरलेल्यापेक्षा धोकादायक असतो, कारण आत वाफेला जागाच उरत नाही आणि उन्हात दाब झपाट्याने चढतो. घरच्या टाकीतून कॅन भरण्याचे व्हिडिओ याच कारणासाठी विसरा.

प्रवासात किती गॅस उरला हे पाहायला कॅन पाण्यात सोडा. भरलेला खोल बुडतो, रिकामा होत गेला की वर येतो. नव्या कॅनची पाणीरेषा मार्करने आखून ठेवली की पुढे अंदाज बरोबर येतो.

पाच किलोची टाकी हवी असेल तर इंडेनची ‘छोटू’ ओळखपत्र दाखवून मिळते, त्यासाठी घरगुती जोडणी लागत नाही. तिचं पत्र्याचं वजन धरून ती गाडीतच परवडते. किराणा दुकानाबाहेर दिसणाऱ्या, शिक्का नसलेल्या छोट्या टाक्या मोठ्या टाकीतून भरलेल्या असतात. तो गुन्हाही आहे आणि त्यांच्या व्हॉल्व्हचा भरवसाही नाही.

पेट्रोल: सगळीकडे मिळतं, म्हणून जपून

आपल्याकडे पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. स्टोव्हच्या दृष्टीने त्याचे दोन परिणाम होतात. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्याने लिटरमागे साधारण सहा-सात टक्के जास्त इंधन लागतं. आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. बाटली अर्धी रिकामी ठेवून महिनाभर विसरलात तर पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळं बसतं, स्टोव्ह फुरफुरत विझतो. म्हणून पेट्रोल ताजं घ्या, दोन आठवड्यांत संपवा आणि प्रवास संपल्यावर बाटलीत ठेवू नका. रबरी वॉशर आणि ओ-रिंगा इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात, तेव्हा सुट्या ओ-रिंगांचा एक संच सोबत हवाच. ‘प्रीमियम’ पेट्रोलचे जास्त पैसे देऊ नका. त्यातली मिश्रणं इंजिनासाठी असतात, स्टोव्हच्या नळीत ती नुसती साचतात.

पंपावर प्लॅस्टिकच्या बाटलीत पेट्रोल देत नाहीत आणि ते योग्यच आहे. पेट्रोलियम कायदा, १९३४ प्रमाणे विक्रीसाठी नसलेलं तीस लिटरपर्यंत पेट्रोल घट्ट झाकणाच्या धातूच्या भांड्यात विनापरवाना बाळगता येतं. तरी पंपावरचा माणूस नाही म्हणू शकतो. स्टोव्हची धातूची बाटली दाखवा, कशासाठी हवंय ते सांगा. अर्धा लिटर मागणारा सायकलवाला सहसा रिकाम्या हाताने परत जात नाही.

मोटरसायकल असेल तर पेट्रोल टाकीतच आहे, पण ते काढायचं कसं हे घरून ठरवून निघा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना टाकीखाली कॉक असतो, नळी ओढली की बाटली भरते. इंजेक्शनच्या गाड्यांना तो नसतो. त्यांच्यासाठी हाताने दाबायचा रबरी फुग्याचा पंप आणि मीटरभर नळी घ्या. तोंडाने ओढू नका. पोटात गेलेल्या पेट्रोलपेक्षा फुप्फुसात गेलेलं थेंबभर पेट्रोल जास्त घातक असतं.

बाटली कधीही गळ्यापर्यंत भरायची नाही. आत भरायची खूण असते, नसेल तर पाऊण भरा. वरची हवा दाबासाठी लागते. तीन हजार मीटरने वर चढलेली बंद बाटली आतून फुगलेली असते, म्हणून झाकण उभ्या बाटलीवर, तोंड लांब ठेवून, आट्याआट्याने सोडा. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांनाही पेट घेते. त्यामुळे गरम स्टोव्हला बाटली जोडणं किंवा शेजारी मेणबत्ती लावून भरणं हे आत्महत्येचेच प्रकार. स्टोव्ह विझल्यावर हात लावता येईल इतका गार होईपर्यंत थांबा.

बहुइंधनी स्टोव्हसोबत दोन-तीन जेट, म्हणजे इंधन सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तोट्या, येतात. ते पाऊच हरवू नका. गॅसच्या जेटचं छिद्र सगळ्यांत मोठं, पेट्रोलचं मधलं, रॉकेल-डिझेलचं सगळ्यांत बारीक. रॉकेल पेट्रोलच्या जेटमधून जाळलं तर हवा पुरत नाही, पिवळी ज्योत आणि काजळी. उलट केलं तर आच मरतुकडी. डिझेल शेवटचा पर्याय. ते काजळी धरतं, जेट तुंबवतं आणि थंडीत गोठायला लागतं. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं, ते याच अडचणीमुळे.

रॉकेल मिळालं तर

रॉकेलमध्ये लिटरमागे पेट्रोल आणि स्पिरिटपेक्षा जास्त उष्णता. सांडलं तर लगेच भडकत नाही, कारण त्याची वाफ पेट घ्यायला साधारण ३५-४० अंश लागतात. थंडीत त्याला फरक पडत नाही. १८९२ पासून, म्हणजे स्टॉकहोममध्ये फ्रान्स लिंडक्विस्टने प्रायमस स्टोव्ह आणला तेव्हापासून, रीत एकच: दाबाने वर चढलेलं रॉकेल तापल्या नळीत वाफ होतं आणि ती वाफ निळी जळते. घरातल्या पितळी स्टोव्हला काकडा लावून बर्नर तापवलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वेगळं शिकायचं काही नाही.

पेटवण्याचा क्रम असा. बाटलीला वीस-पंचवीस पंप मारा. बर्नरखालच्या वाटीत चहाचा एक चमचा स्पिरिट ओता. नसेल तर झडप किंचित उघडून थोडं रॉकेलच वाटीत येऊ द्या आणि झडप बंद करा, मात्र मग काजळी येणार हे धरून चला. वाटी पेटवा आणि थांबा. इथेच सगळे घाई करतात. ज्योत विझत आली, नळी पुरेशी तापली, की झडप हळूच उघडा. आवाज एकसारखा घरघरता आणि ज्योत निळी व्हायला हवी. पिवळी लांब ज्योत उठली तर नळी गार आहे. झडप बंद करा, गार होऊ द्या, पुन्हा वाटी पेटवा. भडकलेल्या स्टोव्हवर भांडं ठेवून ‘होईल नीट’ म्हणत बसलात तर पुढची वीस मिनिटं भांडं घासण्यात जातात.

ज्योत धापा टाकत असेल, वरखाली होत असेल, तर बाटलीत दाब कमी आहे किंवा इंधनात पाणी आहे. आच मुळातच बारीक असेल तर जेट तुंबला आहे, पिनने साफ करा. ज्या स्टोव्हमध्ये पिन आतच बसवलेली असते, तो गार झाल्यावर उलटा करून हलवला की काम होतं. पंपाचा दांडा सुळसुळीत आत-बाहेर जातोय आणि दाब बनत नाही, म्हणजे आतला चामडी वायसर सुकला. त्याला तेल हवं, पण खोबरेल नको. खोबरेल २४ अंशांखालीच थिजतं, लेहच्या सकाळी त्याची वडी झालेली असेल. शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटली घ्या.

सुटं रॉकेल घेतलं तर ते मलमलच्या दुहेरी कपड्यातून गाळा आणि तासभर स्थिर ठेवून तळाचा घोटभर भाग वापरू नका. पाणी आणि गाळ तिथेच असतो. बाटली सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात, कणकेपासून लांब. रॉकेलचा वास लागलेलं पीठ कोणत्याही भाजीने झाकत नाही.

स्पिरिट, वड्या, सरपण

स्पिरिटचा स्टोव्ह म्हणजे दोन डब्यांची वाटी, मोडण्यासारखं काही नाही. पण स्पिरिटमध्ये ऊर्जा कमी, त्यामुळे गॅसच्या जवळजवळ दुप्पट वजन वाहावं लागतं. स्पिरिटच्या विक्रीवर अबकारी नियम असल्याने ते हवं तिथे मिळत नाही. दिवसा त्याची ज्योत दिसत नाही, स्टोव्ह विझला समजून पुन्हा ओतणाऱ्यांचे हात भाजतात. स्पिरिटमध्ये मिसळलेलं असू शकणारं मिथेनॉल विषारी आहे, पाण्याच्या बाटलीसारख्या बाटलीत स्पिरिट कधीही भरू नका. हेक्झामिन या घन इंधनाच्या १४ ग्रॅमच्या वडीवर आडोशाला अर्धा लिटर पाणी उकळतं. पाच-सहा वड्या आणीबाणीसाठी सॅकच्या तळाशी असाव्यात. रोजच्या स्वयंपाकाला त्या महाग आणि वासट.

सरपणाचा विचार सह्याद्रीत तरी सोडून द्या. राखीव जंगलात आग पेटवणं भारतीय वन कायदा, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे आणि हरिश्चंद्रगडासारखे किल्ले तर अभयारण्यात आहेत. जानेवारीनंतर गवत वाळलं की एका ठिणगीचा वणवा होतो. गडावर गॅसही मातीच्या मोकळ्या जागेत, गवत हातभर बाजूला सारूनच पेटवावा.

हिशोब

एक लिटर पाणी वीस अंशांपासून उकळायला ३३५ किलोज्यूल लागतात. स्टोव्हची निम्मी उष्णता भांड्यात जाते असं धरलं तर गॅस लागतो सुमारे १५ ग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवला की बाकी सगळं तोंडी करता येतं.

दोन माणसांचा दिवस: दोन वेळचा चहा मिळून एक लिटर, नाश्त्याला उपमा किंवा ओट्ससाठी अर्ध्या लिटरच्या वर, रात्रीच्या खिचडीला एक लिटर. उकळण्याचं पाणी अडीच लिटरच्या आसपास, म्हणजे ४० ग्रॅम. खिचडी शिजण्याचे वीसेक ग्रॅम. झाले साठ. थंडी, वारा, सांडलवंड यासाठी पाव भाग वर, म्हणजे दिवसाला ७५ ग्रॅम. अठरा दिवसांचे १,३५० ग्रॅम, म्हणजे २३० चे सहा कॅन. पत्र्यासकट ते सव्वादोन किलोंच्या वर जातात आणि सॅकमध्ये भरपूर जागा खातात. लांबच्या प्रवासात गॅस का मागे पडतो ते इथे दिसतं.

त्याच कामाला रॉकेल पेटवण्याच्या खर्चासह दिवसाला १३० मिलिलिटर, अठरा दिवसांचे दोन लिटर ३५०. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल दिवसाला १४०, म्हणजे एकूण अडीच लिटर. पण ते एकदम वाहायचं नाही: टांडीला लिटरभर पेट्रोल घेतलं की सात दिवस निघतात आणि तेवढ्यात सायकल कारूला पोचते. स्पिरिट दिवसाला २०० मिलिलिटर, म्हणजे साडेतीन लिटरच्या वर.

बर्फ वितळवून पाणी करायचं असेल तर हे आकडे दुपटीने वाढतात, कारण बर्फाचं पाणी करायलाच जवळपास तेवढी उष्णता जाते जेवढी ते पाणी पुढे उकळायला लागते. बर्फ वितळवताना भांड्यात आधी कपभर पाणी ठेवा. नुसता बर्फ तळाला करपतो आणि पाण्याला जळका वास येतो.

कमी जाळायचं कसं

४,५०० मीटरवर पाणी ८५ अंशांनाच उकळतं. कितीही खळखळलं तरी त्याहून गरम होत नाही, म्हणून तुरीची डाळ तासाभरातही कच्ची राहते. दोन लिटरचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर हे ओझं वाटतं, पण तो त्या उंचीवर आत ११० अंशांच्या वर नेतो आणि शिजवण्याचं इंधन वाचवतो. त्याची सुटी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सोबत घ्या. कुकर नसेल तर तूर विसरा. मूगडाळ, मसूर, पोहे, शेवया, सातू. मूगडाळ दुपारीच बाटलीत भिजत घाला, मुक्कामाला पोचेपर्यंत निम्मं काम झालेलं असतं. पहिली शिट्टी झाली की आच मंद करा, दोन शिट्ट्यांनंतर बंद करा आणि कुकर जॅकेटमध्ये गुंडाळून दहा मिनिटं ठेवा.

भांड्यावर झाकण आणि वाऱ्याला आडोसा, या दोन फुकटच्या गोष्टींनी जितकं वाचतं तितकं महागड्या स्टोव्हने वाचत नाही. पत्रा भांड्यापासून बोटभर लांब हवा, खालून हवा आत यायला फट हवी.

तंबू बंद करून आत स्टोव्ह पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं जड होतं, झोप येते, आणि उंचीवर हीच लक्षणं उंचीचीही असतात, त्यामुळे कारण लक्षातच येत नाही. वारा फारच असेल तर तंबूच्या बाहेरच्या छपराखाली, दोन्ही बाजूंची चेन उघडी ठेवून. पेटवताना मात्र पूर्ण बाहेर, कारण पेट्रोल आणि रॉकेलचा भडका नेमका त्या वेळी उडतो.

परतीच्या आदल्या दिवशी

जे येताना रेल्वेत चाललं नाही ते जातानाही चालत नाही, हे शेवटच्या दिवशी हटकून विसरलं जातं. उरलेलं पेट्रोल मोटरसायकलच्या टाकीत ओता किंवा एखाद्या टॅक्सीवाल्याला द्या. ओढ्यात किंवा जमिनीवर ओतू नका. उरलेला गॅस कॅन पुढे निघालेल्या ट्रेकरला द्या, लेहच्या कॅफेत असा माणूस सहज भेटतो. पूर्ण रिकामा झालेला कॅन मोकळ्या हवेत, ज्योतीपासून लांब, झडप उघडी ठेवून तासभर ठेवा. आवाज, वास काहीही उरला नाही याची खात्री झाली की भोसकून चेपा आणि भंगारात द्या. वर टाकून दिलेला कॅन खाली आणणारं तिथे कुणी नसतं.

घरी आलात की जेट काढून स्पिरिटमध्ये भिजवा, ओ-रिंगा पुसून तेलाचा हात लावा आणि बाटली झाकण काढून ठेवा. डायरीत किती दिवसांत किती इंधन गेलं ते लिहा, पुढच्या वेळी वरचे आमचे आकडे खोडून त्या जागी तुमचे वापरता येतील.